धुऱ्यावरचा उंदीर आणि कळलावीचं विष

सोयाबीन निघालं की वावराच्या धुऱ्यावरची बिळं उघडी पडतात. अंधारून आलं की त्यातून एक उंदीर टुणटुण उड्या मारत निघतो. डोळे मोठाले, मागचे पाय लांब, शेपटी धडाहून लांब आणि तिच्या टोकाला काळा झुपका. गावात त्यालाही उंदीरच म्हणतात. पण घरातल्या उंदरापेक्षा थर आणि सहाराच्या वाळवंटातल्या जर्बिल नावाच्या उड्या मारणाऱ्या प्राण्यांशी त्याचं नातं जवळचं. शास्त्रीय नाव टटेरा इंडिका. प्लेगच्या जंतूंना रानात आसरा देणाऱ्या प्राण्यांत तो गणला जातो, म्हणून कोणता उंदीर कोणत्या जातीचा हे नेमकं कळायलाच हवं.

त्याचे वाळवंटी भाऊबंद ओळखणं फार अवघड. वाळूत राहणाऱ्या सगळ्यांचा रंग वाळूचाच. मग अभ्यासक धड, शेपटी, मागचं पाऊल आणि कान मोजतात. कवटीचीही मापं घेतात. मध्यकर्णाला झाकणारी हाडाची कुपी वाळवंटी जातींत चांगलीच फुगलेली असते; घुबडाची मंद चाहूलही तिच्यामुळे लागते. मापं उपयोगी खरी, पण मोठ्या जातीचं पोर आणि लहान जातीचा म्हातारा एकाच मापात बसू शकतात. म्हणून आधी दाढांची झीज पाहून वयाचा अंदाज घेतात.

त्यापुढचा पुरावा पेशीतल्या गुणसूत्रांच्या आकड्यात असतो. गुणसूत्रं पेशी विभागताना स्पष्ट दिसतात, तेव्हा विभाजन ऐन मध्यावर रोखावं लागतं. हे काम कोल्चिसिन करतं. पावसाळ्यात आपल्या कुंपणांवर लाल-पिवळ्या फुलांनी पेटणारी कळलावी आठवा. तिच्या कंदात आणि बियांत हेच विष असतं. गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे धागे ते तयारच होऊ देत नाही. मग पेशी क्षाराच्या अगदी पातळ द्रावणात फुगवल्या की गुंता सुटतो आणि मोजणी करता येते. माणसाची गुणसूत्रं ४८ नसून ४६ आहेत, हे १९५६ साली अशाच पद्धतीनं ठरलं.

आपल्या टटेराची गुणसूत्रं ६८. इजिप्तच्या वाळूतल्या जर्बिलस पिरॅमिडमची ३८. त्याच वाळूतल्या जर्बिलस जर्बिलसची गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते: मादीत ४२, नरात ४३! या जातीत एक्स या लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्राला दुसरं एक साधं गुणसूत्र चिकटलं आहे. त्या साध्या गुणसूत्राचा जोडीदार नरात सुटाच राहिला आणि एक आकडा वाढला.

काळ्या मातीच्या भेगांत राहणाऱ्या मऊ केसांच्या मिलार्डिया उंदराची ५०, तर बांध पोखरणाऱ्या बँडिकोटा बेंगालेन्सिसची ४२. इथवर नुसती मोजणीही पुरते. पण भारतातल्या शेतांत मस बोडुगा आणि मस टेरिकलर असे दोन इवलेसे उंदीर आहेत. दिसायला जवळपास सारखे, आणि गुणसूत्रंही दोघांची ४०. तिथे आकडा सोडून आकाराकडे पाहावं लागतं. बोडुगाच्या एक्सला एकच लांब बाहू, म्हणजे सांध्याच्या एकाच बाजूला पसरलेला भाग, दिसतो. टेरिकलरचा एक्स मोठा, आणि त्याला दोन बाहू असतात.