चीज : आहारमूल्य आणि आरोग्य

दुधाला विरजण लावून, त्यात रेनेट (दूध घट्ट करणारे विकर) घालून ते साकळवले की केसीन हे प्रथिन मेदाला धरून घट्ट होते. निवळी गाळून, मीठ लावून आणि बहुधा काही आठवडे ते काही वर्षे मुरवून त्याचे चीज होते. एक किलो चेडरला (हा कडक, मुरवलेल्या चीजचा एक प्रकार) साधारण 10 लिटर दूध लागते, त्यामुळे दुधातले पोषण आणि मेद दोन्ही त्यात एकवटतात. 100 ग्रॅम चेडरमध्ये सुमारे 400 किलोकॅलरी, 25 ग्रॅम प्रथिने, 33 ग्रॅम मेद आणि 700 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. प्रौढ भारतीयाला दिवसाला 1,000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. शाकाहारी माणसाला सहजी न मिळणारे ब-12 जीवनसत्त्वही चीजमधून मिळते.

दुधाने ज्यांचे पोट फुगते त्यांना मुरलेले चीज बहुधा सोसते. लॅक्टोज ही दुधातली साखर बरीचशी निवळीबरोबर जाते, उरलेल्याचे जिवाणू लॅक्टिक आम्ल करतात. दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी मात्र वेगळी. त्या रुग्णाला चीज वर्ज्यच. कडक चीज चावताना लाळ सुटते आणि तोंडातली आम्लता उतरते. त्यामुळे दातांची कीड कमी होण्याची शक्यता जागतिक आरोग्य संघटनेच्या 2003 च्या आहारविषयक अहवालातही नोंदवली आहे.

खरा वाद मेदाचा. चेडरमधील निम्म्याहून अधिक मेद संपृक्त असतो. तरीही तेवढाच मेद लोण्यातून दिला तर रक्तातील एलडीएल (‘वाईट’) कोलेस्टेरॉल जितके वाढते, तितके चीजमधून दिल्यास वाढत नाही, असे युरोपातील चाचण्यांत दिसले आहे. कॅल्शियमशी बांधला गेलेला काही मेद न पचताच बाहेर पडतो, हे त्याचे एक कारण मानतात. परंतु हे निष्कर्ष मुंबईतल्या टपरीवरच्या चीज ग्रिल सँडविचला लावणे चूक आहे. तिथे मैद्याचा पाव आणि लोणी आधीच असते, आणि वर किसलेले चीज बहुधा प्रक्रिया केलेले असते. 1911 मध्ये स्वित्झर्लंडमधील थून येथे गर्बर आणि श्टेटलर यांनी हा प्रकार तयार केला: चीज सायट्रेटसारख्या क्षारांबरोबर वितळवायचे, म्हणजे मेद सुटत नाही आणि ते टिकतेही. हे क्षार बहुतेक सोडियमचे, त्यामुळे मूळच्या मिठात भर पडते. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा पापड, लोणचे आणि फरसाण खाणाऱ्या घरात आधीच ओलांडलेली असते. रक्तदाबाच्या रुग्णाने पाकिटावरचा सोडियमचा आकडा पाहूनच चीज घ्यावे. स्वस्त पिझ्झ्यावर कधीकधी पाम तेलापासून केलेला चीजसारखा पदार्थ असतो, त्याला चीजचे गुण चिकटवू नयेत.

फारसा बोलला न जाणारा धोका औषधांचा आहे. नैराश्यावरील एमएओ-रोधक औषधे (मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर अडवणारी) घेणाऱ्या काही रुग्णांचा रक्तदाब एकाएकी भडकत असे. 1963 च्या सुमारास लंडनमधील तरुण डॉक्टर बॅरी ब्लॅकवेल यांना रो नावाच्या औषधतज्ज्ञाचे पत्र आले: हे औषध घेणाऱ्या आपल्या पत्नीचे डोके चीज खाल्ले की भयंकर दुखते, लोणी किंवा दुधाने दुखत नाही. ब्लॅकवेल यांनी हा धागा पुढे नेला. चीज मुरताना प्रथिनांतील टायरोसिन या अमिनो आम्लापासून रक्तदाब वाढवणारे टायरामीन तयार होते. एरवी शरीर त्याचा निकाल लावते, पण या औषधांनी तोच मार्ग अडतो. आपल्याकडे हे अधिक महत्त्वाचे, कारण क्षयरोगावरील आयसोनियाझिड आणि लिनेझोलिड यांतही हा गुण सौम्य प्रमाणात आहे. उपचार चालू असताना मुरलेले चीज खाऊन चेहरा लाल झाला, छाती धडधडली किंवा डोके ठणकले तर डॉक्टरांना सांगावे. ताज्या पनीरमध्ये टायरामीन नगण्य असते.

गर्भवतींनी कच्च्या दुधाचे मऊ चीज टाळावे. त्यातील लिस्टेरिया जिवाणू थंड फ्रीजमध्येही वाढतो आणि गर्भपात घडवू शकतो. 1985 मध्ये कॅलिफोर्नियात अशा ताज्या चीजमुळे साथ पसरून अनेक अर्भके दगावली. पाश्चरीकृत दुधाच्या कडक चीजमध्ये ही भीती फार कमी, आणि वाफा येईपर्यंत गरम केलेल्या चीजमध्ये हा जिवाणू टिकत नाही.