खारबंधारा नेमका कोणाचा?

पेण-अलिबागच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या पट्ट्यात, भरतीचं पाणी अडवणारा मातीचा बांध (खारबंधारा) फुटला की पहिला वाद होतो तो बांधायचा कोणी, यावर. अर्थशास्त्र या वादापर्यंत बऱ्याच उशिरा पोचलं.

1954 साली अर्थतज्ज्ञ पॉल सॅम्युएल्सन यांनी अवघ्या तीन पानांच्या लेखात सार्वजनिक वस्तूची कसोटी मांडली: एकाने उपभोग घेतला म्हणून दुसऱ्याचा वाटा घटत नाही. पण रस्ता, पूल, शाळा यांवर गर्दी होते, टोलही लावता येतो. 1965 मध्ये जेम्स ब्यूकॅनन यांनी पोहण्याच्या तलावाचं उदाहरण घेऊन खर्च वाटून घेणाऱ्या मर्यादित गटाचा विचार मांडला. धड खासगी नाही, धड सार्वजनिक नाही, अशा मधल्या गोष्टींना आपण निमसार्वजनिक वस्तू म्हणतो.

खारबंधारा अगदी तसाच. भरती अडली की मागची सगळी शेतं वाचतात, दमडीही न देणाऱ्याचं शेतसुद्धा. लाभ मात्र त्या खारीतल्या, म्हणजे बांधामागच्या जमिनीतल्या, खातेदारांपुरताच.

इथल्या शेतकऱ्यांनी यावर जोळ पद्धत काढली होती. बांधाची राखण आणि डागडुजी सगळ्यांनी मिळून अंगमेहनतीने करायची. काम वरवर किरकोळ दिसतं. पण खेकड्याचं बोटभर बीळ वेळीच चिखलाने चोपलं नाही, तर उधाणाचं पाणी त्यातूनच वाट काढतं आणि बघता बघता बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडते. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की मीठ धुऊन जायला दोन-तीन पावसाळे लागतात. म्हणून रोज बांधावरून फिरणारा माणूस मला कुठल्याही यंत्रणेपेक्षा मोलाचा वाटतो.

1948 मध्ये मुंबई प्रांताने खारजमिनींसाठी कायदा केला, 1979 मध्ये महाराष्ट्राचा नवा कायदा आला. सरकारचा पैसा आणि अभियंते आले, ते हवेच होते. पण बांध ‘सरकारचा’ झाला तसा जोळ मोडत गेला. बीळ दिसलं तरी अर्ज लिहायचा, मंजुरीची वाट बघायची. उधाण थांबतं थोडंच!

लाभार्थींनी स्वतः नियम करून सामाईक साधनं टिकवल्याचे जगभरचे दाखले एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी 1990 मध्ये मांडले, 2009 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तोवर खारेपाटात कितीतरी जोळ विस्कटले होते. जिथे राता भात पिकायचा, त्यातल्या काही शेतांत आज खाऱ्या पाण्यात वाढणारं कांदळवन उभं आहे.