तीनदा तेच आलं, म्हणून खरं?

"अरे, एकदा नाही, तीनदा बघितलं. १५२, १५१, १५२. मशीन तिन्ही वेळा खोटं बोलेल का?"

आईने बीपीचं मशीन बाजूला ठेवलं आणि वही माझ्यापुढे सरकवली. मशीन घरात आल्यापासून ती रोज सकाळी चहाच्या आधी बीपी मोजते आणि तारीख घालून लिहून ठेवते. तीस वर्षं शाळेत हजेरीपट लिहिलेला हात आहे, वहीत कुठे खाडाखोड नाही. तिचं म्हणणं सरळ होतं. आकडा इकडेतिकडे उड्या मारत असता तर तिनेही शंका घेतली असती. पण तो जागचा हलत नाही, म्हणजे खराच असणार.

तिच्या या बोलण्यात दोन गोष्टींची गल्लत होती, आणि त्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्यावरच माझी रोजीरोटी चालते. मी ठाण्याहून ट्रान्सहार्बरच्या लोकलने रबाळ्याला जातो. तिथल्या एमआयडीसीत आमचं काम म्हणजे कॅलिब्रेशन. कारखान्यांतून येणारी मोजमापाची साधनं खरं माप दाखवतात की नाही, हे आम्ही तपासतो. ॲक्युरसी आणि प्रिसिजन हे दोन शब्द तिथे दिवसभर तोंडात असतात. इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडलात तर दोन्ही शब्दांपुढे अचूकता, नेमकेपणा, बिनचूकपणा असे अर्थ थोड्याफार फरकाने मिळतात. इंग्रजी बोलणारी माणसंही एरवी एकाच्या जागी दुसरा शब्द सर्रास वापरतात. मोजमापात मात्र हे दोन वेगळे गुण आहेत. मोजलेला आकडा खऱ्या मापाच्या किती जवळ आहे, ती ॲक्युरसी. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा मोजली तर येणारे आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत, ते प्रिसिजन.

दोन्ही शब्द लॅटिनमधून आले आहेत. पहिल्याच्या मुळाशी 'काळजी' आहे, म्हणजे मन लावून, काळजीपूर्वक केलेलं. दुसऱ्याच्या मुळाशी 'कापणं' आहे, जास्तीचं छाटून टाकलेलं. मला मात्र आपले शब्द याहून बोलके वाटतात. 'अचूक' या शब्दात चूक नसण्याची गोष्ट उघड आहे. 'काटेकोर' म्हटलं की काटा ऐकू येतो, तोल ऐकू येतो. म्हणून मी ॲक्युरसीला अचूकता म्हणतो आणि प्रिसिजनला काटेकोरपणा. परिभाषेच्या पुस्तकांत प्रिसिजनसाठी 'परिशुद्धता' असा शब्द दिलेला असतो. तो चुकीचा नाही, पण वर्कशॉपमधल्या पोराला तो ऐकून काहीच बोध होत नाही. काटेकोरपणा म्हटलं की लगेच कळतं.

एकदा मे महिन्यात एका कारखान्यातून पोलादी शाफ्ट, म्हणजे गोल दांडा, तपासायला आला. व्यास १०० मिलिमीटर. टेम्पो गेटवर उन्हात उभा होता, शाफ्ट हाताला चांगलाच गरम लागत होता. आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलाने तो आत आणला, लगेच मायक्रोमीटर, म्हणजे जाडी बारकाईने मोजायचं साधन, लावला आणि पाच वेळा मोजला. पाचही वेळा १००.०२. एकाही वाचनात शेवटचा अंक हलला नाही. त्या मुलाचा हात खरोखर चांगला आहे. मायक्रोमीटर किती दाबायचा, कुठे थांबायचं, हे फार थोड्यांना इतक्या लवकर जमतं.

शाफ्ट मात्र १००.०२ नव्हता. लांबीच्या मोजमापासाठी जगभर २० अंश सेल्सिअस हे तापमान ठरलेलं आहे आणि आमची खोली चोवीस तास त्याच तापमानाला असते. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. शाफ्ट ३८ अंशांना होता असं धरा. मग १८ अंशांचा फरक आणि १०० मिलिमीटर व्यास, म्हणजे वाढ जवळपास २१ मायक्रॉन, अर्थात ०.०२ मिलिमीटर. आम्ही तो रात्रभर खोलीत ठेवला. याला आमच्यात सोकिंग म्हणतात. सकाळी त्याच मुलाने, त्याच मायक्रोमीटरने मोजला तेव्हा १००.०० आला. आदल्या दिवशीची वाचनं तितकीच काटेकोर होती. फक्त ती एका तापलेल्या शाफ्टची होती.

पाठ्यपुस्तकांत हा फरक सांगायला नेमबाजीच्या फळ्याचं चित्र काढतात. गोळ्या मधोमध लागल्या तर अचूक, एका कोपऱ्यात दाटीने लागल्या तर नुसत्या काटेकोर. चित्र चांगलं आहे, पण त्यातून एक मोठी गैरसमजूत होते असं मला वाटतं. त्या चित्रात मधला ठिपका आपल्याला दिसतो. प्रत्यक्ष मोजताना तो कधीच दिसत नाही. खरं माप आधीच माहीत असतं तर मोजायला कशाला बसलो असतो? आपल्यासमोर असतो कोरा फळा आणि त्यावर पडलेली भोकं. भोकं दाटीने पडली आहेत की विखरून, एवढंच तिथून कळतं. म्हणजे काटेकोरपणा स्वतःच्याच आकड्यांवरून तपासता येतो. अचूकता तशी तपासता येत नाही. त्यासाठी बाहेरचं काहीतरी लागतं, ज्याच्यावर आपल्याआधी कोणीतरी भरवसा ठेवलेला आहे.

'दहा वेळा मोज आणि सरासरी काढ' हा सल्लाही म्हणूनच अर्धाच खरा आहे. हात थरथरला, पंख्याचा वारा लागला, डोळा जरा तिरका झाला, अशा चुका कधी वर नेतात, कधी खाली. सरासरीत त्या एकमेकींना मारतात. चार वाचनांनी त्यांचा परिणाम निम्मा होतो, शंभर वाचनांनी दहावा हिस्सा उरतो. पण चूक नेहमी एकाच बाजूची असेल तर हजार वाचनं घेऊनही ती तसूभर कमी होत नाही. मच्छी मार्केटात इलेक्ट्रॉनिक काट्यावर प्लास्टिकची पाटी ठेवली आणि शून्य करायचं राहिलं, तर सुरमई असो वा बोंबील, प्रत्येक वजनात पाटी धरलेली असते. त्याच काट्यावर दहा वेळा जोखून काय उपयोग? म्हणून तर कायद्याने अशा काट्यांची दरवर्षी पडताळणी करून शिक्का मारून घ्यावा लागतो. पडताळणी म्हणजे तरी काय? ज्याचं वजन पक्कं ठाऊक आहे असं माप बाहेरून आणून त्या काट्यावर ठेवणं.

या गल्लतीचं मला माहीत असलेलं सर्वांत मोठं उदाहरण पृथ्वीपासून पाचशे-सहाशे किलोमीटर उंचीवर आहे. हबल दुर्बीण २४ एप्रिल १९९० रोजी अवकाशात गेली. तिचा मुख्य आरसा २.४ मीटर व्यासाचा. इतक्या मोठ्या आरशाला इतकी गुळगुळीत पॉलिश त्याआधी क्वचितच कोणी केली असेल. पण पहिली छायाचित्रं आली ती धूसर. तपासाअंती कळलं की आरसा कडेला हवा त्यापेक्षा सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट झाला होता. माणसाचा केस त्याच्या कितीतरी पट जाड असतो. हे घडलं कसं? आरसा घासताना त्याचा आकार तपासायला एक खास प्रकाशीय उपकरण बनवलं होतं. त्यातलं एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं. भिंगाचं अंतर ठरवणाऱ्या दांड्याच्या टोकावर एक टोपी होती, तिचा काळा रंग थोडा उडाला होता. अंतर मोजायला सोडलेला प्रकाश दांड्याच्या टोकावरून परत यायच्या ऐवजी त्या उघड्या पडलेल्या धातूवरून परत आला. १.३ मिलिमीटरची चूक झाली ती इथेच. मग त्या उपकरणाच्या भरवशावर कारागिरांनी महिनोन् महिने खपून तो आरसा अत्यंत काटेकोरपणे चुकीच्या आकारात घासला.

यातला जो भाग मला आजही अस्वस्थ करतो तो पुढचा आहे. तो आरसा इतर दोन साध्या उपकरणांनीही तपासला गेला होता आणि त्या दोन्हींनी दोष दाखवला होता. पण ती उपकरणं कमी काटेकोर, म्हणून त्यांचं ऐकलं गेलं नाही. सर्वांत काटेकोर उपकरण सांगतं तेच खरं, असं मानलं गेलं. आईही त्या सकाळी हेच तर म्हणत होती.

हबल वाचली तीही काटेकोरपणामुळेच. आरसा वेडावाकडा असता, जागोजागी वेगवेगळा चुकलेला असता, तर काहीच करता आलं नसतं. तो चुकला होता, पण सगळीकडे एकाच नियमाने आणि शास्त्रज्ञांना नेमकं मोजता येईल इतका चुकला होता. त्यांनी बरोबर उलटा दोष असलेली प्रकाशीय साधनं बनवली. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी ती बसवली आणि चित्रं लख्ख झाली. चूक किती, हे एकदा ठाऊक झालं की ती वजा करता येते.

पण बाहेरून आणलेलं मापच चुकीचं असलं तर? त्याच्यावरही माप लागतं, आणि त्याच्यावर आणखी एक. आमची वजनं वरच्या दर्जाच्या प्रयोगशाळेतल्या वजनांशी ताडलेली असतात, आणि ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत जाते. पूर्वी ती पॅरिसजवळ ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या एका दंडगोलापर्यंत जायची. १८८९ पासून किलो म्हणजे तोच दंडगोल. भारताकडची त्याची प्रत ५७ क्रमांकाची. शंभरेक वर्षांत तो आणि त्याच्या प्रती यांच्यात साधारण ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला दिसला. प्रती जड झाल्या की मूळ हलका झाला, हे सांगायची सोयच नव्हती, कारण मूळ चुकूच शकत नाही असं व्याख्याच म्हणत होती. २० मे २०१९ पासून किलो हा प्लांक स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावर टेकवला आहे.

आमच्या कामातले जाणकार इथे मला अडवतील, आणि त्यांचं बरोबर आहे. आयएसओ ५७२५ या १९९४ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार अचूकतेत दोन्ही गोष्टी येतात. वाचनांची सरासरी खऱ्या मापाला धरून असणं, याला ते खरेपणा म्हणतात, आणि वाचनं एकमेकांजवळ असणं. दोन्ही असेल तरच ॲक्युरसी. मला ही व्याख्या पटते. सरासरी खरी पण एकेक वाचन भरकटलेलं, अशा मशीनवर कोणी औषधाचा डोस ठरवू नये.

डोसावरून आठवलं. घरी साखर मोजायच्या मशीनवर १३० ऐवजी १३८ आलं की पुष्कळ जण आदल्या रात्रीचं जेवण आठवायला लागतात. या मशीनांसाठी २०१३ चं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे. साखर १०० किंवा त्याहून जास्त असेल तर १०० पैकी ९५ वाचनं प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या १५ टक्क्यांच्या आत असावीत, असं ते सांगतं. म्हणजे मानकात बसणाऱ्या चांगल्या मशीनवरही १३० दिसलं, तर प्रयोगशाळेत साधारण ११३ ते १५३ यांमधलं काहीही येऊ शकतं. आठ अंकांचा फरक त्यात सहज मावतो. पडद्यावर तीन अंक स्पष्ट दिसतात म्हणून त्यातला शेवटचा अंक खात्रीचा ठरत नाही.

आईला मी त्याच आठवड्यात नौपाड्यातल्या आमच्या डॉक्टरांकडे नेलं. मशीन आणि वही बरोबर घ्यायला सांगितलं होतं. डॉक्टरांनी वही चाळली, मग टेपने आईच्या दंडाचा घेर मोजला. ३५ सेंटिमीटर. मशीनबरोबर आलेला, दंडाला गुंडाळायचा पट्टा उलटून पाहिला, त्यावर २२ ते ३२ लिहिलेलं होतं. दंडाला पट्टा लहान पडला की बीपी खऱ्यापेक्षा जास्त दिसतं, आणि दर वेळी जास्तच दिसतं. अमेरिकेत २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एक माप मोठा पट्टा लागणाऱ्यांना नेहमीचा पट्टा लावला तर वरचं बीपी सरासरी ४.८ ने जास्त आलं. त्याहूनही मोठा पट्टा लागणाऱ्यांचं १९.५ ने. एवढ्या फरकावर गोळी चालू होऊ शकते.

डॉक्टरांनी आईला पाच मिनिटं स्वस्थ बसवलं आणि स्वतःचा मोठा पट्टा लावून तीन वेळा मोजलं. १४६, १४१, १४४. आईला हे काही आवडलं नाही. "तुमचं तर दर वेळी वेगळं येतंय," ती म्हणाली. डॉक्टर म्हणाले, "काकू, बीपी असंच असतं. श्वासागणिक बदलतं."

मग तिने विचारलं की आता ही वही टाकून द्यायची का. डॉक्टरांनी नाही म्हटलं. त्यांनी सुरुवातीचं एक पान उघडलं. तिथे आकडे १६० च्या आसपास होते. पुढे लोणचं-पापड बंद केल्याची नोंद होती आणि त्यानंतर आकडे हळूहळू १५२ वर उतरले होते. "पट्टा तेव्हाही लहानच होता आणि आताही लहानच आहे," ते म्हणाले. "म्हणजे दोन्हीकडे जास्तीचं साधारण सारखंच धरलं गेलंय. आकडे वरचे असतील, पण उतरलेत ते खरोखर उतरलेत."

नवा पट्टा आणल्यावर आईने वहीत पट्टी धरून एक आडवी रेघ मारली आणि तिच्याखाली लिहिलं, 'इथून मोठा पट्टा'. वरची पानं तिने तशीच ठेवली आहेत.