ग्रामसभेतला जमाखर्चाचा वाद (ग्रामीण विदर्भ)

ग्रामपंचायतीचा पैसा कुठं खर्च झाला अन् कमी काऊन पडला, यावर गावच्या लोकांत होणारा वाद. विदर्भातल्या खेड्यांत हा वाद मुख्यतः ग्रामसभेत होतो. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणं वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, गणपूर्ती म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातला जो आकडा कमी असेल तो. तेवढे जमले नाही तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला परत गणपूर्ती लागत नाही, त्यामुळं कितीतरी गावांत मोठे ठराव मूठभर लोकांत होऊन जातात अन् खरी चर्चा नंतर पानठेल्यावर सुरू होते, हे फार वाईट आहे.

आताची जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत ही रचना 1 मे 1962 पासूनची. ती सुचवणाऱ्या समितीचे अध्यक्ष पुसदचे वसंतराव नाईक होते.

वादाचं मूळ असं की लोक पंचायतीचा पैसा एकच समजतात, पण तिथं खाती वेगवेगळी असतात. केंद्राच्या 15 व्या वित्त आयोगाचा 2021-22 ते 2025-26 चा निधी 60 टक्के बंधित, म्हणजे पिण्याचं पाणी अन् स्वच्छतेवरच खर्च करायचा, बाकी 40 टक्के अबंधित, पण त्यातूनही पगार देता येत नाही. म्हणून ग्रामसभेत एखादी बाई उठून विचारते, "नालीले पैसा हाये, मंग पाणी सोडणाऱ्याचा पगार काऊन थकला?" तेव्हा तिचा प्रश्न बरोबर असतो आणि पंचायतीच्या सचिवाचं "ते हेड (खातं) वेगळं आहे" हे उत्तरही बरोबर असतं, पण तो कागद उघडून दाखवत नाही, मग संशय वाढतो आणि सभा सिमेंटच्या गट्टूच्या रस्त्यात कोणी किती खाल्ले यावर जाते. खाणारे असतातच, ते लपवायचं कारण नाही. पण चोरी नसलेल्या गावातही तूट असतेच.

ती कशी, हिशोब करून पाहा. समजा 300 घरांचं गाव आहे, घरामागं 600 रुपये घरटॅक्स, मागणी झाली 1 लाख 80 हजार. निम्मी वसुली झाली तर हातात 90 हजार. स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे, म्हणजे 27 हजार गेले, आणि ते जायलाच पाहिजेत, कारण नाहीतर त्या घरांपर्यंत काहीच पोचत नाही. राहिले 63 हजार, महिन्याला 5,250. यात शिपायाच्या पगारातला पंचायतीचा वाटा, ब्लिचिंग पावडर, जळालेली मोटर, झेरॉक्स, सगळं बसवायचं.

त्यात वीजबिल. पथदिव्यांचं बिल आधी शासन भरायचं, 2021 मध्ये ते अन् पाणीपुरवठ्याचं बिल वित्त आयोगाच्या निधीतून भरायला सांगितलं, तेव्हा राज्यभर सरपंचांनी विरोध केला. बिल थकलं की लाईन कटते, टाकी भरत नाही, आणि ज्यानं टॅक्स भरला त्याच्याही नळाला पाणी नाही, मग पुढच्या वर्षी तोही म्हणतो मी काऊन भरू. खारपाणपट्ट्यात हे जास्त जाचक, कारण तिथलं बोअरचं पाणी खारं, माणूस नळावरच अवलंबून.

भांडायला जाणाऱ्यानं नमुना 1 म्हणजे अंदाजपत्रक, नमुना 5 म्हणजे कॅशबुक आणि नमुना 9 म्हणजे करमागणीचं रजिस्टर, हे तिन्ही मागावेत. नमुना 9 मध्ये थकबाकीदारांची नावं असतात, आणि तिथं बऱ्याचदा लहान घरांपेक्षा मोठ्या वाड्यांची थकबाकी जास्त निघते, म्हणून ते रजिस्टर सभेत वाचायला कोणी तयार होत नाही.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाचं वेगळं आहे. 2009 मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, 2011 पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकते आणि निर्णय सर्वसहमतीनं घेते, पैसा गावाचा असल्यानं हिशोबही गावासमोर होतो. पण यवतमाळ-वाशीमकडच्या कोरडवाहू गावाजवळ बांबू नाही, कापूस अन् सोयाबीन आहे, आणि घरटॅक्स भरला जातो तो माल विकल्यावर. म्हणून वसुलीवाले फेब्रुवारी-मार्चमध्येच दारोदार फिरतात, अन् ज्या वर्षी भाव पडला त्या वर्षी निम्म्या दारांतून रिकाम्या हातानं परत येतात.