फिल्मच्या वेष्टनावरची तिरपी रेष

पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरील फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये 1960 नंतर छायाचित्रण शिकलेल्या पिढ्यांना फिल्मची प्रकाशसंवेदनशीलता सांगणारा ‘100/21°’ हा जोडआकडा चांगलाच परिचयाचा आहे. त्यातील तिरपी रेष म्हणजे दोन देशांच्या मोजपट्ट्यांमध्ये झालेला समझोता आहे.

फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे, हे मोजण्याच्या पद्धती पूर्वी अनेक होत्या. ऑगस्ट 1931 मध्ये ड्रेस्डेन येथे भरलेल्या आठव्या आंतरराष्ट्रीय छायाचित्रण परिषदेत रॉबर्ट लुथर आणि इमॅन्युएल गोल्डबर्ग यांनी जर्मन पद्धतीचा मसुदा मांडला आणि 1934 मध्ये तो ‘डिन’ मानक म्हणून प्रसिद्ध झाला. अमेरिकेने मात्र 1943 मध्ये स्वतःचे ‘एएसए’ मानक आणले. संवेदनशीलता दुप्पट झाली की अमेरिकी आकडा दुप्पट होई, तर जर्मन आकड्यात केवळ 3 मिळवले जात. अखेर 1974 मध्ये ‘आयएसओ’ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने दोन्ही आकडे, आधी अमेरिकी आणि मग जर्मन, शेजारीशेजारी ठेवले, कोणालाही आपली मोजपट्टी सोडावी लागली नाही.

असा तोडगा का निघतो, हे 1947 मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेच्या कारभारात दिसते. छायाचित्रणाचे काम तिची 42 क्रमांकाची तांत्रिक समिती पाहते आणि समितीचे सचिवालय अमेरिकी मानकसंस्थेकडे आहे. तज्ज्ञ मसुदा घडवतात, पण मत देशाच्या मानकसंस्थेचे असते. भारतासाठी ते भारतीय मानक ब्युरो देते. समितीच्या कामात सहभागी सदस्यदेशांनी दिलेल्या मतांपैकी दोन तृतीयांश अनुकूल असावी लागतात आणि एकूण मतांपैकी एक चतुर्थांशाहून अधिक मते विरोधात चालत नाहीत. सहमती म्हणजे एकमत नव्हे, तर महत्त्वाच्या मुद्द्यावर संबंधितांपैकी कोणत्याही महत्त्वाच्या घटकाचा ठाम विरोध उरलेला नसणे, अशी तिची व्याख्या आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते, कारण मोठा बाजार हाती असलेला देशही त्यामुळे एकट्याने निर्णय लादू शकत नाही.

उद्योगाचा प्रभाव अर्थातच राहतो. डिजिटल कॅमेऱ्यांसाठी 1998 मध्ये आलेल्या 12232 क्रमांकाच्या मानकात 2006 मध्ये जपानी कॅमेरा उद्योगाच्या संघटनेने आखलेल्या, संवेदनशीलतेचा आकडा ठरवण्याच्या दोन पद्धती समाविष्ट झाल्या. त्यांपैकी एकीत योग्य आकडा कोणता, हे उत्पादकानेच सुचवायचे असते. ही सवलत मला अधिक सैल वाटते, कारण दोन कंपन्यांच्या कॅमेऱ्यांवर ‘400’ लिहिलेले असले, तरी दोघांचे चित्र सारखेच उजळ येईल, याची हमी त्यामुळे राहत नाही.