पाणतीर की पाणसुरुंग? 'भोक कुठंय' विचारणाऱ्यांसाठी

दक्षिण कोरियाची युद्धनौका 'चेओनान' उत्तर कोरियानं टॉर्पेडो मारून बुडवली, असा दक्षिणेचा आरोप आहे. हा विषय निघाला की एक प्रश्न हटकून येतो. त्या नौकेच्या सांगाड्याचा फोटो पुढे करायचा आणि विचारायचं, "टॉर्पेडो लागला म्हणता, मग भोक कुठंय?" भोक नाही म्हणजे टॉर्पेडो नाही, टॉर्पेडो नाही म्हणजे सुरुंग, आणि सुरुंग म्हणजे उत्तर कोरियावरचा सगळा आरोप रचलेला. आरोप खरा की खोटा हे बाजूला ठेवू. या शिडीची पहिली पायरीच मोडकी आहे आणि तिच्यावर पाय देऊन लोक वर्षानुवर्षं तावातावानं वाद घालतायत.

थोडक्यात घटना. 26 मार्च 2010 च्या रात्री साडेनऊच्या सुमारास पीत समुद्रात, बेंगन्योंग बेटाजवळ, सुमारे 1,200 टनांची ही कॉर्व्हेट, म्हणजे छोटी युद्धनौका, तुटून बुडाली. 104 पैकी 46 नौसैनिक गेले. बेट दक्षिणेचं, समोर दिसणारा किनारा उत्तरेचा. मधली सागरी रेषा 1953 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सेनाधिकाऱ्यांनी एकतर्फी आखलेली आणि उत्तरेनं कधीच न मानलेली.

आता दोन शस्त्रं. पाणतीर म्हणजे टॉर्पेडो, पाण्याखालून लक्ष्याकडे धावणारा. याहून जास्त समजावण्यात वेळ घालवत नाही. 9 डिसेंबर 1971 ला दीवजवळ आपली युद्धनौका 'खुकरी' कशानं बुडाली हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पाणसुरुंग आधी पेरून ठेवतात. कुणी साखळीनं नांगरलेला, कुणी तळाशी पडून राहिलेला, कुणी साखळी तुटून भरकटलेला. आकार, किंमत, वजन हे फरक कुठल्याही तक्त्यात सापडतील. ते काही कुणाला अडवत नाहीत.

नावांचा गोंधळ मात्र जुना आहे, तेवढ्यापुरती माफी देतो. एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत 'टॉर्पेडो' म्हणजे चक्क सुरुंगच होता. 1864 मध्ये मोबाइल उपसागरात अमेरिकी नौसेनापती फॅरागटनं ज्या टॉर्पेडोंची पर्वा न करता ताफा पुढे दामटला, ते पाण्यात पेरलेले सुरुंग होते. स्वतः धावणारा टॉर्पेडो व्हाइटहेड या इंग्रज अभियंत्यानं 1866 मध्ये केला आणि हळूहळू नाव त्याच्याकडे गेलं. कोरियन भाषेतही दोन्ही शब्दांचं शेपूट एकच आहे, 'गडगडाट' या अर्थाचं. टॉर्पेडो हा माशाचा गडगडाट, सुरुंग हा यंत्राचा.

आता खरी अडचण. बहुतेकांच्या डोक्यात चित्र असं असतं: टॉर्पेडो येऊन जहाजाच्या कुशीत घुसतो आणि भगदाड पाडतो, तर सुरुंगावर जहाज जाऊन आदळतं. दोन्ही चित्रं जुन्या युद्धांतली आहेत. जड टॉर्पेडो आज बहुधा जहाजाला शिवतच नाही. तो तळाखाली काही मीटरवर जातो आणि तिथं फुटतो. तळाशी पडलेला सुरुंगही स्पर्शाची वाट बघत नाही. वरून जाणाऱ्या जहाजाचं चुंबकत्व, आवाज किंवा पाण्याच्या दाबातला बदल त्याला पुरतो.

आणि जहाजाच्या पोटाखाली स्फोट झाला की पुढचं काम पाणी करतं. तप्त वायूचा प्रचंड बुडबुडा फुगतो आणि जहाजाला मधोमध वर उचलतो. कणा वरच्या बाजूला वाकतो. लगेच बुडबुडा आकसतो. आता मधल्या भागाखाली आधारच उरत नाही, टोकं तेवढी पाण्यावर टेकलेली, म्हणून कणा उलटा, खाली वाकतो. वर कोसळत्या बुडबुड्यातून पाण्याचा झोत तळावर बसतो. लोखंडी तार हातानं तोडायची तर आपण ती एकदा इकडे, एकदा तिकडे वाकवतो ना, तसंच, फक्त दोन-तीन सेकंदांत. यात भोक पडतच नाही. पत्रा आत दबून वर वळतो आणि जहाजाचे दोन तुकडे होतात. हे पाहायचं असेल तर ऑस्ट्रेलियानं 1999 मध्ये 'टॉरेन्स' ही स्वतःचीच निवृत्त नौका चाचणीसाठी टॉर्पेडोनं बुडवली, त्याचं चित्रण बघा. फोटो नाचवण्याआधी एकदा तरी बघा.

म्हणून जखमेवरून फार तर एवढंच कळतं की स्फोटकं किती होती आणि ती कुठं फुटली. स्फोट तीरानं केला की सुरुंगानं, हे जखम सांगत नाही. दक्षिण कोरियाच्या चौकशी गटात अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि स्वीडनचे तज्ज्ञ होते. 20 मे 2010 ला त्यांनी निष्कर्ष दिला: सुमारे 250 किलो स्फोटकं, गॅस टर्बाइनच्या खोलीजवळ, 6 ते 9 मीटर खोलीवर, जहाजाला न शिवता. नंतर दोन भूकंपशास्त्रज्ञांनी भूकंपमापकांच्या नोंदींवरून हिशोब मांडला. त्यांचा आकडा सुमारे 136 किलो टीएनटी या स्फोटकाइतका, पाण्यातली खोली साधारण तीच, आणि संशय मात्र दक्षिणेनंच पूर्वी पेरून सोडून दिलेल्या सुरुंगावर. जहाज तेच, स्फोट पोटाखालीच, नाव वेगळं. (खडकावर आपटली किंवा पत्रा थकून तुटली असंही म्हणणारे आहेत. त्यांच्यासाठी वेगळा लेख लागेल आणि तो मी लिहिणार नाही.)

मग तीर आणि सुरुंग वेगळे ओळखायचे कसे? मोडक्या तुकड्यांवरून. टॉर्पेडोला पंखे असतात, मोटर असते, सुकाणू असतं. स्फोटात पुढचा भाग नष्ट झाला तरी मागचा उरू शकतो. इथं 15 मे ला मच्छीमार नौकांच्या जाळ्यात पंख्यांसकट मागचा भाग आला. आत निळ्या शाईत कोरियन लिपीत 'क्रमांक 1' लिहिलेलं. भांडायचं असेल तर या तुकड्यावर भांडा: गंज किती, शाई टिकली कशी, तो याच स्फोटातला कशावरून. ते प्रश्न रास्त आहेत. भोकाचा प्रश्न रास्त नाही.

मला 'टॉर्पेडो'पेक्षा 'पाणतीर' आवडतो तो याच कारणानं. तीर म्हटलं की सोडणारा आला, आणि तो त्याच घटकेला तिथं हजर होता. सुरुंगाचं तसं नाही. त्या समुद्रात 1950 ते 53 च्या युद्धापासून सुरुंग पेरले गेलेत. पेरणारा आज जिवंतही नसेल, आणि त्याच्या मनात हे जहाज तर नक्कीच नव्हतं. 1907 च्या हेग करारानं याची दखल घेतली होती: नेम चुकलेला टॉर्पेडो निकामी झालाच पाहिजे. थोडक्यात, चुकलेल्या तीराचा सुरुंग होता कामा नये.

सोलनं, म्हणजे दक्षिण कोरियाच्या सरकारनं, तीर मानला आणि मे महिन्यातच उत्तरेशी जवळजवळ सगळा व्यापार तोडला. उत्तरेनं हात झटकले. 23 नोव्हेंबरला योनप्योंग बेटावर उत्तरेचे तोफगोळे पडले, चौघे गेले. तिथं कुणी विचारलं नाही काय फुटलं, कारण उत्तरेनं मारा नाकारलाच नाही. 'चेओनान'बद्दल सुरक्षा परिषदेनं 9 जुलैला निवेदन काढलं, त्यात शब्द 'हल्ला' असाच आहे, म्हणजे अपघाती सुरुंग बाद. निषेधही आहे. हल्ला कुणी केला हे मात्र परिषदेनं स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं नाही.