व्हेरिकोज व्हेन्स: आजार किती वाढलाय आणि जगणं किती अडलंय, हे दोन वेगळे आकडे आहेत

आमच्या घरात दोघांना व्हेरिकोज व्हेन्स आहेत. मामाने सोलापुरात तीस वर्षं पावरलूमवर उभं राहून टॉवेल-चादरी काढल्या, त्याच्या पोटरीपासून मांडीपर्यंत शिरा दोरीसारख्या फुगलेल्या, घोट्याजवळची कातडी काळी आणि टणक, तिथली जखम मागच्या वर्षी एकदाची भरली. आत्या नवी पेठेत साड्यांच्या दुकानात, दिवसभर उभी, पण पायावर दोन-चार निळ्या शिरा, बास. आता मामाला विचारलं तर "काय नाय होत रे", आणि आत्या रात्री उशीवर पाय टाकून जागी, "पाय लई ठणकायलेत". घरातले सगळे म्हणायचे आत्या नाटकं करते. मी पण म्हणायचो, खोटं कशाला बोलू.

घोळ असा आहे की आपण एकच मोजमाप आहे असं धरून चालतो, आणि असतात दोन.

पहिलं आजाराचं, ते डॉक्टर भरतात. त्यात 'सीईएपी' नावाची वर्गवारी, १९९४ पासूनची, सी० ते सी६. दिसणाऱ्या फुगलेल्या शिरा म्हणजे सी२, सूज सी३, कातडी बदलली की सी४, भरलेली जखम सी५, उघडी जखम सी६. म्हणजे मामा सी५, आत्या सी२. पण हे इयत्तेसारखं आहे, कितवीत आहे ते कळतं, मार्क कळत नाहीत, म्हणून २००० साली आजार किती जोरात आहे त्याचे मार्क देणारा 'व्हीसीएसएस' आला. दहा मुद्दे, प्रत्येकी ० ते ३, एकूण ३०. या दहातले तीन मुद्दे नुसत्या जखमेचे, म्हणजे जखम नसलेल्या माणसाचे ९ मार्क आधीच बाद, आणि दुखण्याला सगळे मिळून जास्तीत जास्त ३. मामाचे आले दहा, त्यात दुखण्याचा शून्य. आत्याचे तीन. झालं, नाटकं ठरली.

दुसरं मोजमाप म्हणजे क्वालिटी ऑफ लाइफ, म्हणजे रोजचं जगणं किती अडतंय, ते पेशंटने स्वतः भरायचं. शिरांच्या आजारासाठी 'सिविक-२०' नावाची प्रश्नावली आहे, फ्रान्समधली, १९९६ ची. वीस प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५, म्हणजे कच्चे मार्क २० ते १००, जितके जास्त तितका त्रास. प्रश्न फक्त गेल्या चार आठवड्यांचे. शिरा केवढ्या, रंग कसला, याच्याशी तिला घेणंदेणं नाही. झोप लागते का, जिना चढता येतो का, उकिडवं बसता येतं का, बसचा प्रवास जमतो का, लग्नकार्याला जाता का, पाय दाखवायची लाज वाटते का, चिडचिड होते का, आपण दुसऱ्यांवर ओझं झालोय असं वाटतं का. ओझ्याच्या प्रश्नाला आत्या थांबली बघा बराच वेळ. यंदा ती गड्ड्याच्या जत्रेला आली नव्हती, आम्हाला वाटलेलं गर्दी आवडत नसेल.

आत्याचे मार्क मामापेक्षा कितीतरी जास्त आले. यात चमत्कार काही नाही, स्कॉटलंडमधल्या एडिंबरा व्हेन स्टडीत, म्हणजे शिरांच्या आजाराच्या अभ्यासात, १५६६ माणसं तपासली तेव्हा पण दिसणाऱ्या शिरा आणि होणारा त्रास यांचं नातं कच्चंच निघालं होतं.

एसएफ-३६ किंवा ईक्यू-५डी पण क्वालिटी ऑफ लाइफच मोजतात, पण ते कुठल्याही आजाराला चालणारे फॉर्म आहेत. ईक्यू-५डी विचारतो की अंघोळ, कपडे स्वतःचे स्वतः जमतात का, आत्या म्हणणार हो जमतात की. संध्याकाळी सातला पाय शिशासारखे होतात, ते नेमकं विचारणारा प्रश्न त्यात नाही.

आता खरी गंमत, जी मला पण उशिरा कळली. व्हीसीएसएसच्या दहा मुद्द्यांत एक डॉक्टर घालायला सांगतात त्या घट्ट पायमोज्यांचा आहे, आणि मोजे अजिबात घालत नसाल तर ०, रोज नीट घालत असाल तर ३! म्हणजे सांगितलेलं ऐकलं की मार्क वाढतात. मामाने मोजे मनावर घेतले, सूज २ वरून १ वर आली, तरी दहाचे बारा झाले, आणि कागद बघून मामी रडायला लागली की आजार वाढला म्हणून. म्हणून नुसती बेरीज बघू नका, कुठल्या ओळीत काय वाढलं ते विचारा. आणि फॉर्म कुठला ते पण विचारा, म्हणजे पहिल्या वेळी व्हीसीएसएस आणि दुसऱ्या वेळी सिविक, असे दोन आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही.

सिविकमध्ये एक गोष्ट मात्र जपा. ती गेल्या चार आठवड्यांचं विचारते आणि उन्हाने शिरा अजून फुगतात, त्यामुळे डिसेंबरचा फॉर्म आणि सोलापूरच्या मे महिन्यातला फॉर्म याची तुलना करून औषध लागू पडलं नाही असं म्हणणं चूक. आणि मेमध्ये मामाचा सिविक वाढला तो तर पायामुळं नाही, उकाड्यात घातलेल्या मोज्यामुळं. "पाय बरा हाय," म्हणाला, "हे रबर घालून लूमच्या शेडमधी तू उभा राहून दाखव."